सगळं हिरवंगार

मोठ्या आयटी कंपनीत क्लायंट आला की त्याला आधी एका काचेच्या खोलीसमोर उभं करतात आणि मग जेवायला नेतात. खोलीत भिंतभर पडदा, पडद्यावर चौकोनच चौकोन, आणि क्लायंट यायचा असतो त्या दिवशी ते सगळे हिरवेगार. कसे काय, हे त्याने विचारायचं नसतं आणि आपण सांगायचं नसतं. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे बघू, लाल म्हणजे हिंजवडीत कुणाची तरी झोप गेली.

इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण रंग तीन नाहीत, चार आहेत. सर्व्हरांवर नजर ठेवणारं नागिओस हे सॉफ्टवेअर ईथन गॅल्स्टॅड या अमेरिकन माणसाने १९९९ मध्ये बाहेर काढलं. त्याच्या प्रत्येक तपासणीला शेवटी एक आकडा सांगावा लागतो. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे गंभीर आणि ३ म्हणजे ‘माहीत नाही’. या शेवटच्याला नारिंगी रंग दिलाय. यंत्राला ‘मला माहीत नाही’ असं उघड म्हणायची मुभा देणाऱ्याचे खरं तर पाय धरायला हवेत. आपल्याकडे ही मुभा माणसांनाही नाही. सोमवारच्या स्टेटस मीटिंगमध्ये हे वाक्य बोलून बघा आणि मंगळवारी आपली खुर्ची जागेवर आहे का तेही बघा.

तर हा चौथा रंग कसा उगवतो आणि तो पुसायला आपण काय काय करतो, याची ही गोष्ट.

दूरच्या युनिक्स सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम बसवलेला असतो. त्याला म्हणतात एजंट. विम्याच्या एजंटाशी याचा संबंध नाही. हा सहसा आपणहून फोन करत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. मधला सर्व्हर त्याला दर काही मिनिटांनी विचारतो: डिस्क किती भरली? लोड किती? डेटाबेस जिवंत आहे ना? तो उत्तर देतो. नागिओसचा एनआरपीई नावाचा एजंट ५६६६ नंबरच्या पोर्टवर कान लावून बसतो. लॅटव्हियातल्या रिगा शहरातून आलेल्या झॅबिक्सचा एजंट १००५० वर. सर्व्हर ओहायोत, विचारणारा बाणेरमध्ये, आणि उत्तर आलं नाही म्हणून रात्री तीन वाजता उठणारा पोरगा वाकडच्या फ्लॅटमध्ये. जागतिकीकरण ते हेच.

उत्तर आलं नाही की पोरगा पहिलं काम करतो ते म्हणजे पिंग. पिंगला उत्तर येतं. पोरगा लिहितो, ‘सर्व्हर अप आहे’, आणि कूस बदलतो.

या पिंगचा जन्म ऐकण्यासारखा आहे. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी सैन्याच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस नावाच्या माणसाला नेटवर्कचा त्रास होत होता. बिघाड शोधायला त्याने रात्रभर बसून हा प्रोग्राम लिहिला. पहाट व्हायच्या आत तयारही झाला. पण पहिलं पाकीट सोडायच्या आधीच एका सहकाऱ्याने बिघडलेलं हार्डवेअर शोधून दुरुस्तही करून टाकलं. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध तपासयंत्राने पहिला बिघाड शोधलाच नाही. हे म्यूसनेच मिश्कीलपणे लिहून ठेवलंय. बरं, पिंगला उत्तर देतो तो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. डिस्क मेलेली असो, डेटाबेस झोपलेला असो, एकही माणूस लॉग-इन करू शकत नसो, कर्नल आपला पिंगला उत्तर देत राहतो. ‘अप आहे’ याचा अर्थ तेवढाच.

मग पोरगा टेलनेट करून पोर्ट बघतो. इथे दोन प्रकारचे नकार येतात आणि दोन्हींना एकच समजणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर यंत्रापर्यंत आपण बहुतेक पोचलो, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाहीये. एजंट मेलाय किंवा फक्त स्वतःशीच, १२७.०.०.१ वर, बोलत बसलाय. ‘टाइम्ड आउट’ आलं तर बहुधा वाटेत एखादा फायरवॉल आपलं पाकीट गिळून मख्ख बसलाय. पहिल्यात एजंटाकडे बघायचं, दुसऱ्यात वाटेकडे. प्रत्यक्षात दोन्ही वेळा एजंट रीस्टार्ट करतात. मग नेटवर्क टीमला तिकीट टाकतात. नेटवर्क टीम ‘आमच्याकडून ओके’ लिहून तिकीट बंद करते. हे वाक्य त्यांनी कीबोर्डच्या एखाद्या बटणावर बसवून घेतलं असावं असा माझा जुना संशय आहे.

फायरवॉलची आणखी एक गंमत. आयपीटेबल्सचे नियम वरून खाली वाचले जातात. यादीच्या शेवटी ‘बाकी सगळ्यांना हाकला’ असा नियम असतो, आणि आपण उत्साहाने ‘५६६६ ला येऊ द्या’ हा नियम त्याच्याही खाली जोडतो. नियम असतो, दिसतो, स्क्रीनशॉटमध्ये येतो, ऑडिटमध्ये दाखवता येतो. फक्त तिथवर एकही पाकीट पोचत नाही. सरकारी योजनांबद्दल मी या सदरात पुरेसं लिहिलंय, म्हणून पुढे जातो.

वाट मोकळी झाली तरी एजंट बोलेलच असं नाही. त्याच्या फाइलीत कुणाकुणाशी बोलायचं त्यांची यादी असते, ‘अलाउड होस्ट्स’. त्या यादीत विचारणाऱ्याचा पत्ता नसेल तर एनआरपीई दार लावून घेतो. पण कारण सांगेल तर शपथ. पलीकडे दिसतं काय, तर एसएसएल हँडशेक पूर्ण होऊ शकला नाही. हा एजंट लग्नात रुसून बसलेल्या जावयासारखा आहे: खरं दुखणं आमंत्रणपत्रिकेत नाव नसल्याचं, आणि बोलणं मात्र वरणात मीठ कमी असल्याचं. पोरगा बिचारा वरणाच्या मागे लागतो. सर्टिफिकेटं बघतो, ओपनएसएसएलच्या आवृत्त्या जुळवतो, दोन्हीकडचं पॅकेज नव्याने चढवतो. खरं कारण एजंटाच्याच मशीनवरच्या लॉगमध्ये एका ओळीत लिहिलेलं असू शकतं. पण लॉग वाचणं हे आपल्याकडे सगळं करून थकल्यानंतरचं काम समजतात.

त्याच फाइलीत ‘डोन्ट ब्लेम एनआरपीई’ नावाची एक सेटिंग आहे. थट्टा नाही, खरंच आहे. बाहेरून आलेल्या आज्ञेसोबत वाटेल ती पुरवणी जोडू द्यायची असेल तर तिथे १ लिहायचं. पुढे काही बरंवाईट झालं तर आम्हाला बोल लावू नका, हे बनवणाऱ्यांनी नावातच लिहून घेतलंय. असं करू नका, धोका आहे, हेही शेजारी लिहिलंय. ती सोय वापरून बाहेरच्याला सर्व्हरवर हव्या त्या आज्ञा चालवता येतात, असा दोष २०१४ मध्ये जाहीरही झाला. तरी लोक १ लिहितात, कारण इंटरनेटवर कुणीतरी सांगितलेलं असतं की १ लिहिल्यावर चालतं. एवढा प्रामाणिक इशारा आणि त्याची एवढी उपेक्षा मी सिगरेटच्या पाकिटानंतर इथेच बघितली.

झॅबिक्सवाल्यांनी हसू नये. त्यांच्या एजंटाच्या मूळ फाइलीत यंत्राच्या नावाच्या जागी ‘झॅबिक्स सर्व्हर’ असं आधीच लिहून दिलेलं असतं, ते बदलायचं असतं. बदलत कुणी नाही. मग डझनभर यंत्रं एकाच नावाने हजेरी लावतात आणि आलेखावर डिस्क एका मिनिटाला वीस टक्के भरलेली, पुढच्याला नव्वद, परत वीस. वरिष्ठ तो आलेख बघून म्हणतात, ‘लोड व्हेरिएबल दिसतोय.’

आता समजा, एजंट बोलू लागला. तरीही नारिंगी चौकोन जात नाही, कारण तपासणीच चालत नाहीये. इथे तो सनातन संवाद होतो.

“सर, मी हाताने चालवलं तर चालतंय.”

“कोण म्हणून चालवलंस?”

“रूट म्हणून.”

रूट म्हणून काय चालत नाही हो? एजंट रूट नसतो. त्याला मुद्दाम दरिद्री ठेवलेलं असतं, हक्क कमी, रस्ते कमी, टर्मिनल नाही. जुन्या रेड हॅटवर सुडो आधी टर्मिनल आहे का विचारायचा आणि नसलं तर परत पाठवायचा. ज्याचा अनुभव घ्यायचा त्याच्या अंगात शिरून बघावं लागतं. नागिओस नावाचा वापरकर्ता होऊन तीच आज्ञा चालवली की पंधरा सेकंदांत कळतं. पण त्याऐवजी आपण काय करतो? चमॉड ७७७. सगळ्यांना सगळं. ही आज्ञा ज्या सहजतेने दिली जाते, त्या सहजतेने आपल्या सोसायटीत कुणी पाण्याचा व्हॉल्व्हही उघडत नाही.

त्यानेही भागलं नाही की एसई-लिनक्सवर खापर. ही सुरक्षाव्यवस्था अमेरिकेच्या एनएसए या हेरखात्याने डिसेंबर २००० मध्ये खुली केली. तिचा एकूण स्वभाव खात्याला शोभेल असाच: एजंटाने परवानगीच्या बाहेर कुठे डोकावलं की नकार, आणि त्याची नोंद एका वेगळ्याच लॉगमध्ये. तो लॉग वाचून एक नेमकी परवानगी द्यायची असते. आपण ‘सेटएन्फोर्स ०’ करून सगळा पहाराच सैल करतो. चौकोन हिरवा. टाळ्या. तिकीट बंद. ही आज्ञा फक्त पुढच्या रीबूटपर्यंतच टिकते हे कुणी तिकिटात लिहीत नाही. मग काही महिन्यांनी कर्नलचा पॅच येतो, यंत्र रीबूट होतं, व्यवस्था परत कडक होते, एजंट परत मुका. तोवर ज्याने सेटएन्फोर्स केलं तो बंगळूरला वाढीव पगारावर गेलेला असतो. नवा पोरगा पहिल्यापासून सुरू करतो. पिंग.

कधीकधी तर एजंटच यंत्राला खाटेवर पाडतो. डिस्क किती भरली हे विचारायला एजंट ‘डीएफ’ चालवतो. त्या यंत्राला दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रावरची डिस्क एनएफएसने जोडलेली असते, आणि ते दुसरं यंत्र मेलेलं असतं. डीएफ त्याच्या दारात उभा राहतो, उत्तराची वाट बघत. कायमचा. या अवस्थेतल्या प्रोसेसला ‘किल -९’सुद्धा कधीकधी लागू पडत नाही, ज्या बाणाबद्दल युनिक्सवाल्यांना एवढी घमेंड आहे. पाच मिनिटांनी एजंट दुसरा डीएफ पाठवतो. तोही उभा. मग तिसरा. लिनक्समध्ये अशा ताटकळणाऱ्यांनाही लोडच्या आकड्यात धरतात, १९९३ पासून धरतात. म्हणून सकाळपर्यंत लोड दीडदोनशे आणि प्रोसेसर मात्र स्वस्थ बसलेला. पडद्यावर काय? ‘लोड गंभीर!’ तो कुणी वाढवला? लोड मोजायला ठेवलेल्याने. कुंपणच शेत खातं, आणि वर शेत कमी झाल्याचा मेलही पाठवतं. त्या मेलवर उपाय म्हणून लोडची मर्यादा वाढवून तीनशे केली जाते. शेत गेलं तर गेलं, मेल थांबला पाहिजे.

ही मर्यादा वाढवण्याची कला स्वतंत्र लेखाच्या लायकीची आहे. डिस्क ८० टक्के झाली की इशारा, असं शहाण्या माणसाने ठरवलेलं असतं. इशारा येतो, म्हणून ते ९० होतं. मग ९५. मग इशाऱ्याचे मेल आपोआप एका वेगळ्या फोल्डरमध्ये जातील अशी सोय होते, आणि त्या फोल्डरवर अंगठ्याएवढा लाल आकडा वाढत जातो, जो बघायची डोळ्याला सवय होते. आणि सगळ्यात वरची पायरी म्हणजे ‘ॲक्नॉलेज’ हे बटण. मी बघितलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण ते दाबलं की वारंवार येणाऱ्या सूचना थांबतात, त्यामुळे लोक ते ‘झालं’ या अर्थाने दाबतात.

पण मूळ अडचण नारिंगीची नाही. ती हिरव्याची आहे. नारिंगी निदान कबूल करतो. हिरवा नेमकं काय सांगतो, ते कुणी विचारत नाही.

२८ मार्च १९७९. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंडची अणुभट्टी. दाब कमी करायला उघडलेला एक व्हॉल्व्ह अडकून उघडाच राहिला, आणि भट्टीचं थंड ठेवणारं पाणी त्यातून जात राहिलं. कंट्रोल रूममधला दिवा मात्र सांगत होता की व्हॉल्व्हचं काम झालं. कारण तो दिवा व्हॉल्व्ह मिटल्याचा नव्हताच. ‘मिट’ असा हुकूम गेल्याचा होता. हुकूम खरोखरच गेला होता. दिवा खोटं बोलला नाही. व्हॉल्व्ह दोन तासांहून जास्त वेळ उघडा राहिला. आजही ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ विचारल्यावर हिरव्या अक्षरांत ‘ॲक्टिव्ह, रनिंग’ येतं. म्हणजे प्रोसेस जन्माला आली आणि अजून मेलेली नाही. ती काही काम करते का, ही चौकशी वेगळी.

याहून मोठी गोष्ट १४ ऑगस्ट २००३ ची. ती खास युनिक्सवाल्यांची आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

ओहायोतली फर्स्टएनर्जी ही वीजकंपनी. तिच्या कंट्रोल रूममध्ये जनरल इलेक्ट्रिकची एक्सए/२१ नावाची युनिक्सवर चालणारी प्रणाली. दूरदूरच्या सबस्टेशनांतून माहिती यायची आणि काही बिघडलं की अलार्म वाजायचा. दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी अलार्मचा प्रोग्राम अडकला. दोन प्रोसेस एकाच क्षणी एकाच जागी लिहायला गेल्या, माहितीची खिचडी झाली आणि प्रोग्राम स्वतःभोवती गरागरा फिरत राहिला. पडला नाही. पडला असता तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. तो जिवंत होता, नुसता बोलत नव्हता.

कंट्रोल रूममध्ये शांतता पसरली. ऑपरेटरांना वाटलं, आज दिवस बरा दिसतोय.

न वाचलेल्या घटनांची रांग वाढत गेली. २ वाजून ४१ मिनिटांनी मुख्य सर्व्हर बसला. तेव्हा योजनेप्रमाणे सगळं काम राखीव सर्व्हरवर गेलं. सगळं, म्हणजे तो अडकलेला अलार्मचा प्रोग्रामही, होता तसा, अडकलेल्या अवस्थेत, इमानेइतबारे. तेरा मिनिटांनी राखीव सर्व्हरही बसला. ऑपरेटरांच्या पडद्यावरचं चित्र एरवी एक ते तीन सेकंदांत ताजं व्हायचं, ते आता ५९ सेकंदांपर्यंत लागू लागलं.

सर्व्हर पडल्याचा संदेश आयटीच्या माणसांच्या पेजरवर मात्र गेला. ही यंत्रणा चालू होती! आयटीवाले आले, त्यांनी सर्व्हर वॉर्म रीबूट केला. ३ वाजून ८ मिनिटांनी सर्व्हर उभा राहिला. आयटीच्या हिशेबाने काम फत्ते. अलार्म वाजतोय का, हे त्यांनी कंट्रोल रूमला विचारलं नाही. अलार्म मेलाय हे कंट्रोल रूमला माहीतच नव्हतं, त्यामुळे त्यांनीही आयटीला सांगितलं नाही. अलार्म बंद असल्याची बातमी कंट्रोल रूममधून आयटीपर्यंत पोचली ती ३ वाजून ४२ मिनिटांनी. मग कोल्ड रीबूटचा विषय निघाला. ऑपरेटर म्हणाले, आता नको, ग्रिड नाजूक अवस्थेत आहे. बरोबरच आहे म्हणा. पेशंट अत्यवस्थ झाल्यावर डॉक्टरांनी तपासणी करून त्याला आणखी त्रास देऊ नये.

दरम्यान बाहेरची जिवंत माणसं फोन करून सांगत होती. शेजारच्या एईपी कंपनीने २ वाजून ३२ मिनिटांनी फोन केला: तुम्हाला-आम्हाला जोडणारी ३४५ किलोव्होल्टची स्टार–साउथ कँटन लाइन आत्ता ट्रिप होऊन परत जोडली गेली, तुमच्याकडे काय दिसतंय? यांच्याकडे अलार्म नव्हता. अलार्म नाही म्हणजे घटना नाही. पुढे एईपीने पुन्हा फोन करून खात्री दिली. तोवर ३ वाजून ५ मिनिटांनी एक मोठी लाइन खाली वाकून झाडाला टेकली होती. ३.३२ ला दुसरी. ३.४१ ला तीच स्टार–साउथ कँटन. झाडं छाटलेली नव्हती. हे वाचून आमच्याकडच्या महावितरणच्या ग्राहकांना उगाच गहिवरून येईल.

आता यातलं मला सगळ्यात आवडणारं पात्र. ओहायोच्या शेजारच्या इंडियानात एमआयएसओ नावाची संस्था होती, तिचं काम फर्स्टएनर्जीसारख्या कंपन्यांच्या ग्रिडवर वरून नजर ठेवणं. तिच्याकडे ग्रिडची खरी अवस्था अजमावणारं एक सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी आपोआप चालायचं. त्या दुपारी सव्वाबाराच्या सुमारास त्याची उत्तरं जुळेनात. एक विश्लेषक ते दुरुस्त करायला बसला. दुरुस्ती करताना मध्ये मध्ये चालू नये म्हणून त्याने आपोआप चालणं बंद केलं. अगदी योग्य. चूक शोधली, एक लाइन बंद असल्याची माहितीच पोचली नव्हती. दुरुस्त केलं, हाताने चालवून बघितलं, एक वाजायच्या सुमारास उत्तर बरोबर आलं. आणि तो जेवायला गेला. आपोआप चालणं परत सुरू करायचं राहिलं.

‘हाताने चालवलं तर चालतंय.’ 

आपोआप चालणं बंदच राहिल्याचं लक्षात आलं २ वाजून ४० मिनिटांनी. सुरू केलं तर परत उत्तर जुळेना, कारण मधल्या काळात दुसऱ्या कंपनीची आणखी एक लाइन गेली होती आणि तीही माहिती पोचली नव्हती. परत शोधाशोध. परत दुरुस्ती. अखेर ४ वाजून ४ मिनिटांनी ते सॉफ्टवेअर पूर्णपणे, आपोआप, अचूक चालू लागलं. दोन मिनिटांनी सॅमिस–स्टार लाइन गेली आणि ग्रिड कोसळायला सुरुवात झाली. अमेरिकेची आठ राज्यं आणि कॅनडातला ओंटारियो, सुमारे पाच कोटी माणसं आणि ६१,८०० मेगावॉट. न्यूयॉर्कचे लोक पुलांवरून चालत घरी गेले.

त्यानंतर दोन्ही देशांच्या सरकारांनी चौकशी केली आणि एप्रिल २००४ मध्ये अहवाल दिला. आपली पाहणीची साधनं या क्षणी चालू आहेत की नाहीत, हे ऑपरेटरांना कायम कळत राहील अशी कुठलीही पद्धत फर्स्टएनर्जीत नव्हती, असं त्यात नोंदवलंय. जनरल इलेक्ट्रिकच्या माणसांनी दहा लाखांहून जास्त ओळींचा कोड कित्येक आठवडे उपसला तेव्हा ती दोन प्रोसेसची टक्कर सापडली. ती घडायला मिळणारी फट काही मिलिसेकंदांची होती.

आपल्याकडे असला अहवाल एक पानी असतो. त्याला आरसीए म्हणतात. मूळ कारण या चौकटीत ‘ह्यूमन एरर’, उपाय या चौकटीत ‘टीमला सेन्सिटाइज केले’. तो जेवायला गेलेला विश्लेषक इथे असता तर त्याचं नाव डबा आणि भाजीसकट त्या पानावर आलं असतं, आणि त्या सॉफ्टवेअरला ‘मी एक तास झाला चाललोच नाही’ असं ओरडून सांगायची सोय का नव्हती, हा प्रश्न पान दोनवर असता. पान दोन नसतंच.

तशी सोय करता येते, आजची गोष्ट नाही. नागिओसमध्ये ‘फ्रेशनेस’ नावाची तपासणी आहे: अमुक वेळात नवी बातमी आली नाही तर जुन्या बातमीवर विश्वास ठेवू नका. झॅबिक्समध्ये ‘नोडेटा’ आहे. प्रोमेथियस या अशाच आणखी एका सॉफ्टवेअरवाल्यांनी तर उलटीच युक्ती काढली. ‘वॉचडॉग’ नावाचा एक इशारा ते मुद्दाम कायम वाजता ठेवतात. काहीही बिघडलेलं नसताना तो वाजतो, चोवीस तास, आणि दुसरीकडे, या सगळ्याच्या बाहेर बसलेलं कुणीतरी तो ऐकत राहतं. ज्या क्षणी तो थांबेल त्या क्षणी उठायचं, कारण याचा अर्थ आता ओरडायलाही कुणी उरलेलं नाही.

युक्ती झकास आहे. ती बसवली की भिंतीवरच्या हिरव्या पडद्यात एक चौकोन कायमचा लाल दिसायला लागतो. पुढच्या आठवड्यात क्लायंट यायचा असतो. मॅनेजरसाहेब एक फेरी मारतात, चष्मा वर करून त्या चौकोनाकडे बघतात आणि म्हणतात, “अरे, हा एवढा कधीपासून वाजतोय? बंद कर ना कुणीतरी.”

आणि कुणीतरी करतो.